शासनाच्या छत्राखालील बालके आणि निर्णयाचा अधिकार

शाळेचा प्रवेश अर्ज असो, रुग्णालयातील शस्त्रक्रियेचे संमतिपत्र असो किंवा बँकेत खाते उघडण्याचा नमुना असो, प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘पालकाची सही’ अशी एक ओळ असते. ज्या घरात आईवडील आहेत त्या घराला या ओळीचे महत्त्व सहसा जाणवत नाही. परंतु ज्या बालकाचे आईवडील हयात नाहीत, बेपत्ता आहेत, कारागृहात आहेत, दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले आहेत किंवा ज्यांच्यापासूनच बालकाला धोका आहे, अशा बालकाच्या बाबतीत ही ओळ रिकामी राहते. ती भरण्याचा अधिकार कोणाला आहे याविषयी अधिकारी, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि संस्थाचालक यांच्या मनात स्पष्टता नसेल, तर कागद अडतो आणि कागदाबरोबर मूलही अडते. एखाद्या मुलीचा शाळाप्रवेश एक सत्र लांबतो; एखाद्या मुलाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. उलटपक्षी, ज्याला अधिकार नाही अशी व्यक्ती सही करून मोकळी होते आणि बालकाच्या वाट्याची जमीन परक्या हाती जाते.

शासनाच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेल्या बालकांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला, कितपत आणि कोणत्या मर्यादेत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात जळगाव आणि धुळे या खानदेशातील दोन जिल्ह्यांची परिस्थिती नजरेसमोर ठेवून केला आहे.

तीन निरनिराळ्या गोष्टी

या विषयातील बहुतेक घोटाळा तीन गोष्टी एकच समजल्यामुळे होतो. पहिली गोष्ट म्हणजे सांभाळ. बालक प्रत्यक्ष कोणाजवळ राहते, त्याला जेवूखाऊ कोण घालते, आजारपणात त्याच्या उशाशी कोण बसते, हा सांभाळाचा प्रश्न होय. दुसरी गोष्ट म्हणजे पालकत्व. कायद्याच्या दृष्टीने त्या बालकाचा पालक कोण, हा निराळा प्रश्न आहे. तिसरी गोष्ट म्हणजे एखाद्या विशिष्ट बाबीत निर्णय घेण्याचा अधिकार.

आईवडिलांच्या घरी या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असतात. बालक बालगृहात, नातेवाइकांकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात गेले की त्या अलग होतात. बालगृहाच्या अधीक्षकाकडे सांभाळ येतो, परंतु तो बालकाचा पिता होत नाही. बालकाला शासनाने ताब्यात घेतले म्हणून हयात आईचे मातृत्व संपत नाही. तसेच आई हयात आहे एवढ्यावरून बालकाला लगेच तिच्या हवाली केलेच पाहिजे, असेही नाही. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

कायद्याची वाटचाल

अनाथ व निराधार मुलांविषयी कायदा करण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न म्हणजे १८५० चा शिकाऊ उमेदवारांविषयीचा अधिनियम. या अधिनियमान्वये मॅजिस्ट्रेटला अनाथ मुलाच्या पालकाच्या नात्याने त्याला एखाद्या कारागिराकडे कराराने बांधून देता येत असे. मुलाला काय वाटते, यापेक्षा ते कामाला लागते की नाही, याकडे त्या काळी अधिक लक्ष होते. पुढे १८९० मध्ये पालक आणि पाल्य अधिनियम आला. पालक नेमताना पाल्याचे हित पाहावे हे तत्त्व त्यात आले आणि नेमणुकीचा अधिकार जिल्हा न्यायालयाकडे सोपविण्यात आला. हा अधिनियम आजही अमलात आहे.

मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४८ मध्ये बालकांविषयी अधिनियम करण्यात आले. १९८६ चा बाल न्याय अधिनियम २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला आणि राज्याराज्यांतील निरनिराळ्या कायद्यांच्या जागी देशभर एक कायदा लागू झाला. त्या वेळी मुलग्यांसाठी १६ वर्षे आणि मुलींसाठी १८ वर्षे अशी वयोमर्यादा होती. २००० च्या अधिनियमाने ती दोघांसाठीही १८ वर्षे केली. सध्या अमलात असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. २०२१ च्या सुधारणेने त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी वाढविण्यात आली आणि दत्तकाचे आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून त्यांच्याकडे आले. ही सुधारणा १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली.

या वाटचालीत कायद्याच्या भाषेतही फरक पडलेला दिसतो. १९८६ च्या अधिनियमात ज्याच्या ताब्यात बालक दिले त्याचे बालकावर आईबापाप्रमाणे ‘नियंत्रण’ राहील, असा शब्दप्रयोग होता. २०१५ च्या अधिनियमाचा भर बालकाच्या हितावर, प्रतिष्ठेवर आणि सहभागावर असून, बालकाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे तत्त्व त्यात नमूद आहे. नियंत्रणाकडून जबाबदारीकडे झालेला हा प्रवास लक्षात घेतला म्हणजे पुढील तरतुदींचा अर्थ नीट उलगडतो.

बालकल्याण समिती

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांच्या बाबतीत अंतिम निर्णयाचा अधिकार कायद्याने बालकल्याण समितीकडे दिला आहे. प्रत्येक जिल्ह्यात अशी किमान एक समिती असावी, तीत अध्यक्ष व चार सदस्य असावेत आणि सदस्यांपैकी किमान एक महिला असावी, अशी तरतूद आहे. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. महिन्यातून किमान २० दिवस तिची बैठक व्हावी, असेही अधिनियमात म्हटले आहे.

निराधार बालक आढळल्यास त्याला प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. समितीची बैठक चालू नसेल तर एखाद्या सदस्यापुढेही हजर करता येते. मात्र प्रकरणाचा अंतिम निकाल देताना किमान तीन सदस्य उपस्थित असावे लागतात. समितीच्या आदेशावरून सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि बालक प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असा दंडक आहे.

चौकशीअंती समितीला अनेक प्रकारचे आदेश देता येतात. बालकाला आईवडिलांकडे परत पाठविणे, बालगृहात ठेवणे, सुयोग्य व्यक्तीकडे सोपविणे, प्रतिपालक कुटुंबात ठेवणे, आर्थिक साहाय्य मंजूर करणे, वैद्यकीय उपचार, शिक्षण किंवा कायदेविषयक मदत यांबाबत निर्देश देणे आणि बालक दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे घोषित करणे, हे त्यांतील प्रमुख आदेश होत. त्याचप्रमाणे बालक प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीला कार्यवाहीपुरते पालक म्हणून मान्यता देण्याचा अधिकारही समितीला आहे. ‘पालकाची सही’ या ओळीचा प्रश्न अनेकदा या एका तरतुदीने सुटू शकतो. म्हणून समितीच्या आदेशात याचा स्पष्ट उल्लेख करून घेणे हिताचे असते.

समितीचा अधिकार मोठा असला तरी तो अमर्याद नाही. तिच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करता येते. प्रतिपालकत्व, प्रायोजकत्व आणि पश्चात् देखभाल यांविषयीच्या निर्णयांवरील अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. समितीच्या कामकाजाविषयीच्या तक्रारींचे निवारण करण्याचा अधिकारही जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे. बालकाच्या मालमत्तेची मालकी ठरविणे हे समितीचे काम नव्हे. तो दिवाणी न्यायालयाचा विषय होय.

भुसावळचे उदाहरण

या प्रश्नाचे गांभीर्य जळगाव जिल्ह्यानेच अलीकडे पाहिले आहे. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्सप्रेसमधून प्रवास करणारी ५९ मुले रेल्वे पोलिसांनी उतरवून घेतली. त्यांपैकी २९ मुले भुसावळ येथे आणि ३० मुले नाशिक जिल्ह्यातील मनमाड येथे उतरविण्यात आली. ही मुले बिहारमधील अररिया जिल्ह्यातील होती आणि महाराष्ट्रातील मदरशांत शिक्षणासाठी निघाली होती. सोबतच्या प्रौढांकडून समाधानकारक कागदपत्रे न मिळाल्याने मुलांच्या अवैध वाहतुकीचा संशय घेण्यात आला, पाच जणांना अटक झाली आणि मुलांना सुमारे बारा दिवस निवारागृहांत ठेवावे लागले. त्यानंतर मुलांना बिहारला परत पाठविण्यात आले. २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी हे प्रकरण गैरसमजातून उद्भवल्याचे नमूद करून बंद केले.

या घटनेचे दोन्ही बाजूंनी चिंतन करणे आवश्यक आहे. भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. घरातून पळून आलेली, चुकलेली आणि कामासाठी नेली जाणारी मुले अशा स्थानकांवर आढळतात. त्यांच्याकडे काणाडोळा करणे हा अपराधच ठरेल. तेव्हा संशय येताच बालकाला सुरक्षित ठेवणे हे यंत्रणेचे कर्तव्य होय. परंतु सुरक्षित ठेवणे म्हणजे बालकाविषयीचे सर्व निर्णय आपल्याकडे आले असे समजणे नव्हे. दूरच्या गावातील आईवडील त्या बारा दिवसांतही आईवडीलच होते. त्यांनी मुलांना कोणाबरोबर, कोठे व कशासाठी पाठविले, हे लवकरात लवकर विचारून घेणे, मुलांचे म्हणणे त्यांच्या भाषेत ऐकणे आणि त्यांच्या जिल्ह्यातील समितीकडून गृहचौकशीचा अहवाल मागविणे, यांवरच अशा प्रकरणाचा निर्णय अवलंबून असतो. दुसऱ्या बाजूने, मुलांना परगावी पाठविणाऱ्या पालकांनी आणि नेणाऱ्या संस्थांनी लेखी संमतिपत्र, ओळखपत्राची प्रत आणि दूरध्वनी क्रमांक सोबत ठेवले, तर मुलांना परक्या छपराखाली दिवस काढण्याची वेळ सहसा येणार नाही.

कोणता निर्णय कोणाचा?

व्यवहारात उपयोगी पडेल अशा रीतीने निर्णयांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

दैनंदिन निर्णय : जेवण, कपडे, अभ्यासाची वेळ, खेळ, किरकोळ आजारावरील औषध, शाळेची सहल यांसारख्या बाबी ज्याच्याकडे सांभाळ आहे त्याच्याच अखत्यारीत असल्या पाहिजेत. दर वेळी समितीकडे धाव घ्यावी लागली तर बालकाचे बालपण फायलीत अडकेल. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना साने गुरुजींनी तेथील छात्रालयातील मुलांची ज्या मायेने काळजी घेतली, तिची आठवण खानदेशात अजून सांगितली जाते. ती माया कोणत्याही आदेशाने आलेली नव्हती. परंतु रोजच्या निर्णयात सांभाळणाऱ्याला मोकळीक असल्याखेरीज अशी माया फुलत नाही, हेही खरे.

शिक्षण : बालकाच्या शिक्षणाची जबाबदारी बालगृहात असताना संस्थेवर व प्रतिपालक कुटुंबात असताना त्या कुटुंबावर असते. वयाचा दाखला नाही या कारणास्तव प्राथमिक शिक्षणासाठी प्रवेश नाकारता येत नाही आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश लांबविता येत नाही, अशी तरतूद बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात आहे. मुख्याध्यापकांनी ही बाब अवश्य ध्यानात ठेवावी.

वैद्यकीय उपचार : नेहमीच्या उपचारांसाठी सांभाळणाऱ्याची संमती पुरेशी मानली जाते. १२ वर्षांखालील बालकाच्या हितासाठी पालकाच्या किंवा ज्याच्याकडे बालकाचा कायदेशीर ताबा आहे अशा व्यक्तीच्या संमतीने सद्‌भावपूर्वक केलेल्या कृतीला फौजदारी कायद्यात संरक्षण आहे. ही तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आली आहे. जीव वाचविण्याची निकड असेल आणि संमती देणारे कोणी वेळेत उपलब्ध नसेल, तर संमतीवाचून केलेल्या सद्‌भावपूर्ण उपचारांनाही कायदा संरक्षण देतो. तेव्हा निकडीच्या वेळी सहीसाठी बालकाला ताटकळत ठेवण्याचे कारण नाही. निकड नसलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र समितीचा आदेश घ्यावा आणि आईवडील हयात व संपर्कात असतील तर त्यांनाही विचारावे.

धर्म : शासनाकडून मान्यता किंवा अनुदान मिळणाऱ्या शैक्षणिक संस्थेत अज्ञान बालकाला त्याच्या पालकाच्या संमतीखेरीज धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा धार्मिक उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये म्हटले आहे. इंग्लंडमध्येही १९८९ च्या बालक अधिनियमान्वये स्थानिक प्राधिकरणाकडे बालक सोपविले असता, त्या प्राधिकरणाला बालकाचा धर्म बदलता येत नाही, तसेच दत्तकास संमती देता येत नाही. सांभाळ करणाऱ्याने बालकाची मूळ ओळख जपावी, हे तत्त्व दोन्हीकडे मान्य झाले आहे.

जमीन व ठेवी : ग्रामीण भागात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वडील वारल्यानंतर सातबाराच्या उताऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालन कर्ता’ म्हणून चुलता, मामा किंवा आजोबा यांचे नाव लागते. या नोंदीने जमीन विकण्याचा अधिकार मिळतो, असा समज आढळतो; तो चुकीचा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ अन्वये नैसर्गिक पालकालाही अज्ञान बालकाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो या कारणावरून कोणाही व्यक्तीला बालकाच्या मालमत्तेचा व्यवहार करण्याचा अधिकार नाही, असे त्याच अधिनियमात स्पष्ट म्हटले आहे. कोविडच्या साथीत दोन्ही पालक गमावलेल्या बालकांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये प्रत्येकी ५ लाख रुपयांची मुदत ठेव बालक आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या संयुक्त नावे ठेवण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही हेच धोरण आहे.

दत्तक : हा निर्णय कायमचा असल्यामुळे त्याला सर्वांत अधिक बंधने आहेत. आईवडिलांनी स्वेच्छेने बालक समर्पित केले तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. अनाथ किंवा सोडून दिलेले बालक दोन वर्षांपर्यंतचे असल्यास दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांत, शोध पूर्ण करून, समिती ते दत्तकासाठी मुक्त असल्याचे घोषित करते. गावात परस्पर लेखी करून, किंवा रुग्णालयातूनच बालक देऊन घेऊन, हा निर्णय कोणालाही करता येत नाही.

कोणाच्याच हाती नसलेले निर्णय : १८ वर्षांखालील मुलीचे किंवा २१ वर्षांखालील मुलाचे लग्न लावून देण्याचा अधिकार आईवडील, नातेवाईक, संस्था किंवा समिती यांपैकी कोणालाही नाही. त्याचप्रमाणे आखाजीला सालदारांचे करार होतात तेव्हा १४ वर्षांखालील मुलाला गुरांमागे किंवा शेतकामाला सालाने ठेवून त्याचे पैसे उचलण्याचा अधिकारही कोणाला नाही.

बालसंगोपन आणि प्रतिपालक कुटुंब

बालकाने शक्यतो कुटुंबातच वाढावे, या हेतूने महाराष्ट्रात बालसंगोपन योजना राबविली जाते. संस्थेत दाखल न करता नातेवाइकांकडे किंवा एकट्या पालकाकडे वाढणाऱ्या बालकासाठी समितीच्या आदेशाने मासिक साहाय्य दिले जाते. २०२३ मध्ये या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि साहाय्याची रक्कम दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व यांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

प्रतिपालक कुटुंबाची निवड करताना त्या कुटुंबाची क्षमता, हेतू आणि पूर्वीचा अनुभव पाहावा, भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे आणि समितीने दरमहा पाहणी करावी, अशा सूचना अधिनियमात आहेत. बालकाच्या हिताला बाधा येत नसेल तर जन्मदात्या आईवडिलांना भेटीचा हक्क राहतो. प्रतिपालक कुटुंबाला बालकाचा सांभाळ मिळतो, दत्तक पालकत्व मिळत नाही, ही गोष्ट त्या कुटुंबाला प्रारंभीच समजावून सांगितली पाहिजे. तसे न केल्यास पुढे बालकाला परत पाठविताना दोन्ही घरांना दुःख होते आणि त्यात बालकाची ओढाताण होते.

खानदेशातील परिस्थिती

पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत १९०६ मध्ये विभागलेल्या खानदेशातून पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. रावेर, यावल, चोपडा व शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत आणि तेथील पाड्यांवर भिल्ल, पावरा, तडवी इत्यादी आदिवासी जमाती राहतात. या भागातून, तसेच अन्य कोरडवाहू गावांतून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि गुजरातमधील बारडोली–सुरतच्या बाजूला जातात. त्या काळात मुले एकतर फडावर जातात किंवा आजीआजोबांकडे, मामाकडे राहतात. काही आश्रमशाळेत असतात.

अशी मुले ‘निराधार’ नव्हेत. त्यांचे आईवडील हयात आहेत आणि काही महिन्यांनी परत येणार आहेत. परंतु त्या काही महिन्यांत मूल आजारी पडले तर निर्णय कोणी घ्यायचा हा प्रश्न उरतोच. यावर साधा उपाय असा की, कुटुंब गाव सोडण्यापूर्वीच मूल कोणाकडे राहणार, निकडीच्या वेळी उपचारास संमती कोण देणार आणि आईवडिलांशी संपर्क कोणत्या क्रमांकावर साधावा, याची लेखी नोंद शाळेत व अंगणवाडीत करून ठेवावी. हा कागद न्यायालयाचा आदेश नव्हे. तरी आईवडिलांची इच्छा काय होती याचा तो चांगला पुरावा होय.

बालकाचे म्हणणे

निर्णयाच्या या सगळ्या रचनेत ज्याच्याविषयी निर्णय आहे त्याचे स्थान कोणते? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, जी भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली, बालकाला आपले मत मांडण्याचा हक्क दिला आहे. २०१५ च्या अधिनियमातही, बालक पुरेसे समजदार असल्यास त्याची इच्छा विचारात घेऊनच समितीने आदेश द्यावा, असे म्हटले आहे. मात्र इच्छा विचारात घेणे म्हणजे निर्णयाचा भार बालकावर टाकणे नव्हे. ‘तुला आईकडे जायचे की येथे राहायचे?’ असा प्रश्न सर्वांसमक्ष विचारून बालकाला पेचात पकडणे अयोग्य होय. त्याला विश्वासात घेऊन, एकांतात आणि त्याच्या बोलीत विचारले पाहिजे. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारे मूल अधिकाऱ्यांच्या प्रमाण मराठीपुढे गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला संमती मानले जाते, असे घडता कामा नये. जो निर्णय होईल तो आणि त्यामागील कारण बालकाला समजेल अशा शब्दांत सांगणे, हेही त्याच हक्काचा भाग आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्षपद सरपंचांकडे आणि सचिवपद अंगणवाडी सेविकेकडे असते. या समितीला बालकाचा ताबा ठरविण्याचा अधिकार नाही. गावच्या पंचांनी बसून ‘हे मूल आजपासून अमक्याचे’ असा ठराव केला तरी त्याला कायद्यात किंमत नाही. गावपातळीवरील समितीचे काम माहिती ठेवण्याचे, कळविण्याचे आणि पाठपुरावा करण्याचे आहे. गावात आईवडिलांविना राहणाऱ्या बालकांची यादी, त्यांचा सांभाळ कोण करते, त्यांच्या नावे जमीन किंवा ठेव आहे काय, आणि साहाय्य मिळते काय, एवढी माहिती जरी अद्ययावत राहिली तरी पुष्कळ काम सोपे होईल. संकटात सापडलेल्या बालकाविषयी १०९८ या क्रमांकावर कळविता येते. निराधार बालक आढळूनही २४ तासांत न कळविणे हा अपराध आहे. अशा बालकाचे नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यासही मनाई आहे. गावच्या भ्रमणध्वनी गटांवर अशी छायाचित्रे फिरविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

बालक १८ वर्षांचे झाले की निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे येतो. परंतु बालगृहाचे दार ओलांडणाऱ्या त्या तरुणाजवळ निर्णय घेण्याचा सराव असतोच असे नाही. म्हणून २१ वर्षांपर्यंत पश्चात् देखभालीची तरतूद आहे. अनाथांसाठी शासकीय नोकरीत व शिक्षणात १ टक्का आरक्षण देण्याचा निर्णयही राज्य शासनाने २०१८ मध्ये घेतला. त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र बालक १८ वर्षांचे होण्यापूर्वीच मिळवून देणे, हे संस्थेचे व जिल्हा यंत्रणेचे काम आहे. तसेच आपले खाते कोणत्या बँकेत आहे, आपला सातबारा कोठे मिळतो, आपल्याविषयी समितीने कोणता आदेश दिला होता, ही माहिती त्याला सोळाव्या–सतराव्या वर्षापासूनच देत गेले पाहिजे.

पुढील शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होतील तेव्हा प्रत्येक मुख्याध्यापकासमोर असा एखादा तरी अर्ज येईल की ज्यातील पालकाच्या सहीची जागा रिकामी असेल. तो अर्ज परत न करता मुलाला आधी वर्गात बसवावे, त्याच दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र द्यावे आणि समितीचा आदेश येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. त्या ओळीवर योग्य व्यक्तीची सही यथावकाश होईल. मूल तोपर्यंत वर्गाबाहेर उभे राहता कामा नये.